कुठे कोणता फोटो, आणि कोणाच्या मर्जीने

आमच्या स्टुडिओत खुंटीला एक काळा ब्लेझर टांगलेला असतो. माप 42. येणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, छाती 36 नाहीतर 38. म्हणून ब्लेझर अंगात चढवला की मी पाठीमागे कापड आवळतो आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावतो. समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही. गळ्यात आयता बांधलेला लाल टाय, मागे निळा पडदा. कॉलेजांत कंपन्या यायच्या सुमाराला एका दिवसात 20-25 पोरं हाच ब्लेझर घालून जातात.

दोन वर्षांपूर्वी त्यातलाच एक मुलगा पुण्याहून मुलाखत देऊन आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. लिंक्डइनवरची त्याच्या वर्गातल्या 9 जणांची प्रोफाइलं त्याने एकामागून एक उघडून दाखवली. नऊही जणांच्या अंगात तोच ब्लेझर, गळ्यात तोच टाय, मागे तोच पडदा. "काका, तिथल्या मॅडमनी विचारलं, हा तुमच्या कॉलेजचा युनिफॉर्म आहे का?" सांगताना त्याचा आवाज बसला होता. त्याला लागलं होतं. मलाही लागलं, कारण ते नऊही फोटो मी काढले होते आणि प्रत्येकाचे पैसे घेतले होते.

अमळनेरचा हा स्टुडिओ माझ्या वडिलांनी सुरू केला. फोटो काढणं हा आमचा पिढीजात धंदा, तेव्हा फोटोबद्दल मी काही सांगू लागलो तर त्यात स्वार्थ दिसू शकतो. पण यातलं बरंचसं घरच्या घरी, हातातल्या फोनवर, एक पैसा न घालवता होणारं आहे. मला बोलायचंय ते वेगळ्याच कारणाने. रोज सकाळी दुकान उघडल्यापासून मी बघतो, की आमच्या खान्देशातला माणूस फोटो निवडायला बसला की त्याच्या मानेवर लाज येऊन बसते. उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची लाज, गावाची लाज, आणि बाईचा फोटो असेल तर लोकांची भीती. या लाजेपायी मुलगे उसना कोट घालतात, बाया डीपीला गुलाबाचं फूल लावतात आणि आईबाप मुलीचा रंग उजळून मागतात. फोटो कोण बघणार आहे आणि तो बघून काय ठरवणार आहे, एवढा एक प्रश्न आधी विचारला तर यातलं निम्मं सुटतं. उरलेलं निम्मं एकट्यादुकट्याच्या हातातलं नाही. तिथे समाजालाच काही सवयी सोडाव्या लागतील.

आधी सोपं बघू. लिंक्डइनवरचा फोटो बघणारा माणूस नोकरी देणारा असतो. त्याला चेहरा नीट दिसायला हवा आणि उद्या समोर येणारा माणूस तोच आहे हे ओळखू यायला हवं. लिंक्डइनला 400 बाय 400 पिक्सेलचा फोटो पुरतो आणि चौकटीचा साधारण 60 टक्के भाग चेहऱ्याने व्यापावा अशी तिथली शिफारस आहे. वर तो फोटो गोलात कापला जातो. त्या गोलात ब्लेझर दिसतो तरी किती? कॉलर आणि खांद्याची कड. तेवढ्यासाठी पोरगं भाड्याच्या कोटात अवघडून उभं राहतं आणि तो अवघडलेपणा चेहऱ्यावर मात्र पुरा दिसतो. स्वतःचा, मापाचा, इस्त्री केलेला फिक्या रंगाचा शर्ट घाला. ब्लेझर मी अजून ठेवलाय, कारण मागणारे मागतात, पण आता आधी शर्टातला फोटो काढून दाखवतो आणि मग विचारतो.

परीक्षांच्या फॉर्मचं सगळं निराळं. तिथे बघणारा माणूस नसतोच, आधी यंत्र असतं. बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो 20 ते 50 केबीत बसवावा लागतो, मागची बाजू पांढरी किंवा फिकी लागते. आणि परीक्षेच्या दिवशी केंद्रावरचा माणूस प्रवेशपत्रावरचा फोटो आणि तुमचा चेहरा ताडून बघतो. फिल्टर लावलेला, नाक बारीक केलेला फोटो फॉर्मला लावून मुलं कशाला जीव टांगणीला लावतात, मला कळत नाही. फॉर्मला जो फोटो लावला त्याच्याच चार-पाच प्रती जपून ठेवा, एवढं मी प्रत्येकाला बजावतो.

आता केळीवाल्या नानांचं सांगतो. रावेरकडचे शेतकरी, स्वतः माल भरून देणारे. मुलाने त्यांना व्हॉट्सॲप बिझनेस घेऊन दिलं आणि डीपीसाठी स्टुडिओत आणलं. नाना सफारी घालून आले होते. मी म्हटलं, नाना, तुमचा फोटो बघणार कोण? म्हणाले, दिल्लीकडचा व्यापारी. तो काय बघेल? माझी केळी. मग इथे पडद्यापुढे बसून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही त्यांच्या बागेत गेलो. केळीच्या बागेत आत शिरून फोटो काढला की वरच्या पानांतून झिरपणारा उजेड चेहरा हिरवट करून टाकतो, माणूस आजारी दिसतो. म्हणून त्यांना बांधावर उभं केलं, बाग पाठीशी घेतली आणि शेजारी कापणीला आलेला घड. अंगात रोजचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी. तो फोटो लिंक्डइनवर नोकरी मागणाऱ्या पोराला चालला नसता आणि लग्नाच्या बायोडाटालाही नसता चालला. पण नानांच्या कामाला त्याच्या तोडीचा दुसरा फोटो नव्हता, कारण केळी कोणाची आहे हे त्यात एका नजरेत कळत होतं.

व्हॉट्सॲपच्या यादीत डीपी बोटाच्या नखाएवढा दिसतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याशेजारी काढलेला अख्ख्या उंचीचा फोटो तिथे लावला तर ना घोडा दिसतो ना माणूस. जोडीचा फोटो लावला तर गोलाच्या दोन्ही कडांना एकेक कान कापला जातो. ज्यांचा धंदा फोनवर चालतो त्यांनी तरी चेहरा जवळून घ्यावा, गाल-कपाळ दिसेल एवढा. बाकीच्यांनी घरच्या आनंदासाठी काय हवं ते लावावं. नातवाचा फोटो, देवाचा फोटो, शेतातल्या बैलाचा फोटो. तिथे मी कोण सांगणारा.

गुलाबाच्या फुलाबद्दल मात्र मला सांगायचं आहे. धरणगाव भागातल्या एक ताई घरी पापड, कुरडया आणि बिबडे करतात. पुण्याला, सुरतेला गेलेली आपली माणसं त्यांच्याकडून मागवतात. ताईंच्या डीपीला कित्येक वर्षं गुलाब होता, मग काही दिवस लक्ष्मी होती. नवं गिऱ्हाईक पैसे आगाऊ पाठवायला कचरायचं. एकीने तर त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही खरंच आहात ना?" बाई पहाटे चारला उठून ज्वारीचं पीठ शिजवते, उन्हात गच्चीवर साड्या अंथरून बिबडे घालते, आणि तिला कोणीतरी विचारतं, तू आहेस का? डीपीला चेहरा का लावत नाही असं मी विचारलं तर म्हणाल्या, सासूबाईंना आवडत नाही, आणि कोणी फोटोचं काही केलं तर?

ही भीती खोटी नाही. मुलींचे फोटो उचलून खोटी खाती काढणारे, चेहरा दुसऱ्याच अंगावर चिकटवणारे नराधम आहेत आणि आता तर ते काम फोनवर मिनिटात होतं. 2017 मध्ये फेसबुकने प्रोफाइल फोटोला संरक्षण द्यायची सोय भारतात सगळ्यात आधी आणली ती उगीच नाही. फोटोचा गैरवापर होईल म्हणून इथल्या अनेक बाया चेहराच लावत नव्हत्या, हे त्या कंपनीलाही दिसलं होतं. सावध राहायलाच हवं. व्हॉट्सॲपवर डीपी कोणाला दिसावा हे ठरवता येतं: सगळ्यांना, फक्त आपल्या संपर्कांना, त्यातल्या काहींना वगळून, किंवा कोणालाच नाही. इन्स्टाग्रामचं खातं खाजगी केलं तरी तो छोटा गोल फोटो कोणालाही दिसतो, हे पुष्कळ मुलींना माहीत नसतं. ते माहीत असलं की तिथे पाठमोरा किंवा लांबचा फोटो लावता येतो आणि चेहरा आतल्या ओळखीच्या लोकांसाठी ठेवता येतो.

पण "मुलीने फोटो लावूच नये" हा त्यावरचा तोडगा मला मान्य नाही. चोर आहेत म्हणून आपण शेतात पीक घ्यायचं थांबवत नाही. दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-सी आणि 66-डी कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर 1930 हा नंबर आहे, आणि फोटोच्या छळाची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर नाव न सांगताही करता येते. आमच्याकडे मुलीला काही झालं की घरचे पहिल्यांदा तिचा फोन काढून घेतात. पोलिसांत जायला मात्र आठ-आठ दिवस लावतात. त्या आठ दिवसांत तो फोटो किती हातांतून फिरतो याचा विचार करा.

त्या ताईंचा फोटो शेवटी त्यांच्याच गच्चीवर काढला. डोक्यावर पदर होता, तो त्यांनी त्यांच्या मर्जीने ठेवला. हात पिठाने भरलेले, मागे साडीवर वाळत घातलेले बिबडे. सासूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. फोटो दाखवला तर म्हणाल्या, "यामधी तं ती कामच करी राह्यनी, यामधी काय वाईट शे?" आता तोच त्यांचा डीपी आहे आणि पैसे आगाऊ मागताना त्यांना संकोच वाटत नाही.

इथवरचं सगळं समजुतीने सुटणारं. आता जिथे माझं मन सगळ्यात जास्त दुखतं तिथे येतो. लग्नाचा बायोडाटा.

पूर्वी मुलीचा फोटो पोस्टकार्डाएवढ्या कागदावर असायचा आणि मामा किंवा मावसा तो पाकिटात घालून न्यायचा. स्थळ जमलं नाही तर परत मागायची पद्धत होती. वडिलांच्या वेळी लोक निगेटिव्हसुद्धा मागून न्यायचे. आता समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दिवसात 50 बायोडाटे येतात. एका ग्रुपमध्ये 1024 पर्यंत माणसं असू शकतात. त्यातला एकेक जण आणखी चार ग्रुपांत. मुलीचा फोटो, उंची, जन्मवेळ, शिक्षण, गाव आणि वडिलांचा मोबाइल नंबर, सगळं एकाच कागदावर आणि ते हजारो अनोळखी पुरुषांच्या फोनमध्ये. माझ्याकडे एक मुलगी येऊन रडली होती. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, पोटात बाळ होतं, आणि एका ग्रुपवर तिचा जुना बायोडाटा फिरत होता, खाली "मुलगी चांगली आहे, चौकशी करा" असं लिहून. ज्यांनी पाठवला त्यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही फक्त पुढे ढकलला. ही "पुढे ढकलण्याची" सवय कोणत्याच कायद्याने थांबणार नाही. ती आपणच थांबवायची आहे. मुलीला विचारल्याशिवाय तिचा फोटो एकाही ग्रुपवर जाऊ नये, आणि जायचाच असेल तर फोटोवर एखाद्या कोपऱ्यात महिना आणि साल लिहिलेलं असावं, म्हणजे जुना कागद जुना आहे हे दिसेल. ओळख पटलेल्या एका घराला एक फोटो, थेट त्यांच्या नंबरवर, ही जुन्या पाकिटाचीच रीत आहे. ती फोनवरही पाळता येते.

आणि रंग.

2016 च्या सुमाराला डी.एड. झालेल्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आले. मुलगी सावळी, डोळे फार बोलके, उभं राहणं एकदम सरळ. फोटो छान आला होता. वडील बघून म्हणाले, "भाऊ, जरा उजळा." मी उजळला. चेहरा गोरा केला तर मान वेगळी दिसायला लागली, म्हणून मानही केली. पदर धरलेले हात राहिले, ते केले. हात पांढरे करताना हिरव्या बांगड्यांचा रंग उडाला, तर बांगड्या परत रंगवल्या. अर्धा-पाऊण तास बसून मी एक मुलगी पुसली आणि तिच्या जागी दुसरी काढली, आणि ते मला तेव्हा कारागिरी वाटलं. बघायला आलेल्या मंडळींपैकी एका बाईने सगळ्यांसमोर म्हटलं, "फोटोत तर गोरी होती." मला हे पंधरा दिवसांनी कळलं, मुलगी स्वतःच दुकानात आली तेव्हा. परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली होती. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, यात माझा रंग माझाच राहू द्या."

त्यानंतर मी कोणाचाही रंग बदललेला नाही. गिऱ्हाइकं गेली, काही समोरच्या दुकानात गेली, जाऊ द्या.

मला लोक म्हणतात, सगळे उजळतात, आपण नाही उजळला तर आपल्या मुलीला पहिल्याच फेरीत बाजूला काढतील. हे म्हणणं मी हलकं समजत नाही. बापाचा जीव तुटतो म्हणून तो असं बोलतो. पण विचार करा, उजळलेल्या फोटोवर होकार देणारं घर रंग बघून होकार देतंय. ती मंडळी पायरी चढून घरात येतील तेव्हा मुलगी तीच असणार, आणि नकार मिळालाच तर तो कागदावर मिळण्याऐवजी तिच्या तोंडावर, चहाचा कप हातात असताना मिळणार. खऱ्या फोटोने मागण्या कमी येतील हे खरं. ज्या येतील त्या तिला बघून आलेल्या असतील. जून 2020 मध्ये शादी डॉट कॉमने शोधातला रंगाचा पर्याय काढून टाकला. त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीने नावातला फेअर काढला. आपल्या बायोडाटात मात्र अजून "वर्ण : गव्हाळ", "वर्ण : निमगोरा" हा रकाना तसाच आहे. 45 अंशांचं ऊन सोसणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, पाणी भरणाऱ्या मुलुखात हा रकाना कोणी आणला आणि आपण तो अजून का भरतोय?

एक गोष्ट माझ्या धंद्यातली आहे म्हणून समजावून सांगतो, कारण पुष्कळ मुलींना वाटतं की त्या फोटोत दिसतात तेवढ्या काळ्या आहेत. तसं नसतं. फोनचा कॅमेरा समोरच्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन फोटो काढतो. मागे चुन्याची पांढरी भिंत असली तर त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळंच दाबतो, आणि भिंत राखाडी आणि चेहरा काळवंडलेला येतो. मेमध्ये भर दुपारी उघड्यावर काढलेल्या फोटोत ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबण्या आणि नाकाखालचा भाग काळा होतो. रंगीत फिल्मच्या काळात तर मुळातच घोळ होता. छपाईच्या लॅबमध्ये रंग जुळवायला शर्ली नावाची कार्डं असायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, आणि तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. आमच्या लोकांचे चेहरे लॅबमधून चिखलासारखे यायचे आणि वडील बिचारे गिऱ्हाइकाची माफी मागायचे. सगळ्या रंगांच्या चेहऱ्यांना न्याय देऊ असं म्हणत गूगलने पिक्सेल फोनमध्ये रिअल टोन आणलं ते 2021 मध्ये. एवढी वर्षं यंत्रात दोष होता आणि आपण तो मुलींच्या कातडीत शोधत बसलो.

उपाय अगदी साधा. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर ओसरीत बसा, तोंड उजेडाकडे, अंग सावलीत. मागे पांढऱ्या भिंतीऐवजी लाकडी दार, मातीची भिंत, झाड काहीही चालेल. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला छोट्या सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा. चेहऱ्यावर उजेड येईल आणि रंग मात्र तुमचाच राहील, कातडीचा पोत राहील, तीळ राहील. उजेड वाढवणं आणि रंग बदलणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मी सगळ्या स्टुडिओवाल्यांना हात जोडून सांगतो, पहिलं करा, दुसरं बंद करा. अनेक फोनांच्या पुढच्या कॅमेऱ्यात चेहरा गुळगुळीत करायची सोय आधीच चालू असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या आपल्या घरात कलामहर्षी केकी मूस (1912-1989) दशकानुदशकं घराबाहेर न पडता राहिले आणि घरातल्याच साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांनी फोटोंत अख्खे देखावे उभे केले. उजेड कसा पाडायचा हे कळलं की काय होतं, ते त्या घरात जाऊन बघावं. आपल्याच मुलुखात हे झालंय.

सेल्फीबद्दलही एक सांगायचं राहिलं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला, की चेहऱ्यापासून फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. नाक तेवढंच असतं, भिंग जवळ असतं. मुली मला येऊन नाक बारीक करायला सांगतात तेव्हा मी त्यांना चार पावलं मागे नेतो आणि पुन्हा काढून दाखवतो. बहुतेकींचं तिथेच समाधान होतं.

मग दहा-बारा फोटोंतला नेमका कोणता निवडायचा? इथे मला एका अभ्यासाने शहाणं केलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 102 विद्यार्थ्यांना स्वतःच्या प्रत्येकी 12 फोटोंतून फेसबुकसाठी, जोडीदार शोधण्यासाठी आणि नोकरीसाठी फोटो निवडायला सांगितले. तेच 12 फोटो अनोळखी लोकांपुढेही ठेवले. अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंबद्दल इतरांचं जास्त चांगलं मत पडलं. आपण आपल्याला आरशात उलटं बघत आलेलो असतो, वर आपल्या चेहऱ्यावरची प्रत्येक खोट आपल्याला पाठ असते, तेव्हा आपली निवड चुकते यात मला नवल वाटत नाही. दुकानात मी हेच रोज बघतो. पोरगा जो फोटो बाजूला टाकतो, त्याची बहीण नेमका तोच उचलते.

पण याचा अर्थ मुलीचा फोटो बापाने, काकाने आणि समाजाच्या अध्यक्षांनी मिळून ठरवावा असा कोणी काढू नये. मैत्रिणीने, बहिणीने, वर्गातल्या बाईंनी तीन फोटो पुढे काढावेत. त्या तीन फोटोंतला कोणता जाईल, कुठे जाईल आणि जाईल की नाही, हे जिचा चेहरा तिने सांगावं. मी आता मुलीचा बायोडाटाचा फोटो तिच्या एकटीच्या मोबाइलवर पाठवतो. वडिलांनी मागितला तर म्हणतो, तिच्याकडून घ्या. दोघा-तिघांनी यावरून माझ्याशी भांडण केलं. बाकीच्यांनी मान डोलावली.

आणखी एक फोटो असतो, तो कोणीच निवडत नाही. गावात म्हातारी वारली की मुलं धावत येतात, फ्लेक्सला फोटो हवा असतो. घरभर शोधूनही आजीचा एकटीचा फोटो मिळत नाही. लग्नाच्या अल्बममध्ये ती कोणाच्या तरी खांद्यामागे, अर्धी. शेवटी आधार कार्ड पुढे येतं. कार्डावरचा तो फोटो मी मोठा करतो, ठिपके फुटतात, डोळे नुसते दोन डाग होतात, आणि ते "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या खाली चौकात आठ दिवस लागतं. एका आजीला नातवाने आधीच हौसेने आणलं होतं. तिला मी आधारवरचा फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हाऊ मना फोटो नही शे." त्या दिवशी तिचे सहा फोटो काढले, नथ घालून दोन, नथ काढून चार. फेसबुकवर चेहरा लावायला तिला कोणी सांगणार नाही. पण ज्या घरात नातवाच्या फोनमध्ये स्वतःचे दोन-तीन हजार फोटो आहेत, त्या घरात आजीचा एक धड फोटो असावा, एवढी मागणी मी करतोच.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे मुहूर्त सुरू होतात. त्याआधी एका समाज मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका निघते, तिचे फोटो गेली कित्येक वर्षं माझ्याकडे असतात. साडेतीनशे-चारशे मुलामुलींची पुस्तिका, आणि ती एकदा छापली की दहा वर्षं कोणाच्या तरी कपाटात राहते. यंदा मी मंडळाला लेखी कळवलं आहे. सगळे फोटो मी फुकट काढून देतो, प्रत्येकाचे तीन, ओसरीच्या उजेडात, आणि त्यातला एक मुलगा किंवा मुलगी स्वतः निवडेल. बदल्यात अर्जातला वर्णाचा रकाना काढून टाका, आणि पुस्तिकेची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका, ज्याला हवी त्याने मंडळात येऊन नाव लिहून घ्यावी. कार्यकारिणीतले दोघे माझ्या बाजूने आहेत. सचिव म्हणाले, रकाना काढला तर लोक फोन करून विचारतील. मी म्हटलं, विचारू द्या, फोन मी घेईन. बैठक रविवारी सकाळी 11 ला आहे.